आकाशातला जीव, नागभीडचं ग्रंथालय

शंकेखोर : बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातली एक मुलगी येते, परग्रहावरच्या जीवसृष्टीचा अभ्यास करायचा आहे म्हणते, संदर्भसाहित्य कुठं मिळेल असं विचारते, आणि तू लगेच यादी करायला बसतोस. यादी नंतर कर. आधी मला सांग, याला विषय म्हणायचं कशाच्या जोरावर? बेडकाचा अभ्यास करणाऱ्याच्या टेबलावर बेडूक असतो. धानावरच्या करप्याचा अभ्यास करणाऱ्याला करपलेलं पान सापडतं. इथं सगळ्या विश्वात ठाऊक असलेला नमुना एकच, आपली पृथ्वी. एका नमुन्यावरून नियम काढू नये, हे आपण अकरावीच्या पोरांना शिकवतो. तिच्या आजूबाजूला घोडाझरीचं अभयारण्य आहे, मामा तलाव आहेत, धानाच्या बांध्या आहेत. यातल्या कशालाही हात घातला तरी एक जन्म पुरायचा नाही. ते सोडून जे असल्याचाच पुरावा नाही त्याच्यामागे तिला का लावायचं?

हौशी : सर, नमुना एकच आहे हे कबूल, पण प्रश्न पुष्कळ आहेत आणि त्यातल्या बहुतेकांचे नमुने हाताशी आहेत. ग्रह किती, त्यांच्या हवेत काय काय, जीव किती खार आणि किती ताप सोसतो, मेल्यावर दगडात त्याची खूण किती काळ टिकते, या सगळ्यावर काम चालतं. सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला बाह्यग्रह 1995 मध्ये सापडला. सप्टेंबर 2025 मध्ये नासाच्या यादीतली संख्या 6,000 च्या पुढे गेली. ती यादी कुणालाही उघडता येते, उतरवून घेता येते. वेब दुर्बिणीची निरीक्षणं फार तर वर्षभर मूळ संशोधकांकडे राखलेली असतात, मग सगळ्यांना खुली होतात. मंगळयान आणि चांद्रयानाची माहिती इस्रोच्या ‘प्रदान’ या दालनात नाव नोंदवून मिळते. खगोलशास्त्रातले शोधनिबंध ‘अर्काइव्ह’वर 1990 च्या दशकापासून फुकट वाचता येतात. या विषयाची ‘ॲस्ट्रोबायोलॉजी प्रायमर’ नावाची एक ओळखपोथी आहे. 2006, 2016 आणि 2024 अशा तिच्या तीन आवृत्त्या झाल्या, आणि ती लिहिणाऱ्यांत विद्यार्थी आणि नवे संशोधक मोठ्या संख्येनं आहेत. केंब्रिजमधला विद्यार्थी जे पान उघडतो तेच पान नागभीडमध्ये उघडतं. पंचवीस वर्षांपूर्वी हे शक्य नव्हतं. आणि आकाश आपल्यापासून लांब आहे असं तरी कसं म्हणायचं? 2022 च्या गुढीपाडव्याला, 2 एप्रिलच्या संध्याकाळी, शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं वरून पडलं. जवळपासच्या शिवारात धातूचे गोळे सापडले. सगळ्या विदर्भानं तो जळत जाणारा पट्टा पाहिला. आणि तो कशाचा होता, हे कळलं कसं? उपग्रहांच्या आणि रॉकेटांच्या कक्षांच्या नोंदी सार्वजनिक असतात म्हणून. हार्वर्डच्या जोनाथन मॅकडॉवेल यांनी त्या नोंदी पाहून सांगितलं, की फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेल्या चीनच्या ‘लाँग मार्च 3 बी’ रॉकेटचा हा टप्पा असावा. साहित्य खुलं असलं की असं होतं.

शंकेखोर : लाडबोरीचं उदाहरण तू दिलंस हे बरं झालं, कारण ते माझ्या बाजूनं आहे. ते कडं ओळखता आलं, कारण ते माणसानं बनवलं होतं आणि त्याची नोंद आधीच कुठंतरी होती. सापडलेली वस्तू आणि वही, दोन्ही जुळवून पाहता आली. परग्रहावरच्या जीवाची अशी कुठली वही आहे? उद्या एखाद्या ग्रहाच्या हवेत विचित्र वायू सापडला तर तो कशाशी ताडून पाहायचा? पृथ्वीशीच ना? म्हणजे पुन्हा तोच एक नमुना. दुसरी गोष्ट, त्या रात्री मोबाइलवर काय काय फिरलं ते आठव. कुणी उल्का म्हणे, कुणी उपग्रह म्हणे, कुणी विमान पडलं म्हणे. खरी माहिती आली, पण ती सगळ्यात आधी आली नाही आणि सगळ्यात मोठ्यानं तर नाहीच. या विषयात रोजच पाडव्याची संध्याकाळ असते.

आता तुझ्या फुकट पानांबद्दल. ‘अर्काइव्ह’वर चढवलेला प्रत्येक निबंध तज्ज्ञांनी तपासलेला असतो असं नाही, ते त्या मुलीला कोण सांगणार? तपासून छापलेलं वाचायचं तर नियतकालिकांना पैसे पडतात. केंद्र सरकारनं 1 जानेवारी 2025 पासून ‘एक राष्ट्र एक सदस्यत्व’ योजना सुरू केली. तीस प्रकाशक, जवळपास 13,000 नियतकालिकं, तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये. ऐकायला छान. पण पहिल्या टप्प्यात ती सरकारी संस्थांपुरती आहे. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीतली किती महाविद्यालयं सरकारी आहेत? बहुतेक शिक्षण संस्थांनी काढलेली, अनुदानावर चालणारी. म्हणजे नागपूरच्या सरकारी विज्ञान संस्थेतल्या मुलीला जे दार उघडं ते आपल्या मुलीला बंद.

हौशी : दार बंद आहे, पण खिडक्या आहेत. अनुदानित महाविद्यालयांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची एन-लिस्ट योजना आहे. ग्रंथपालानं नोंदणी चालू ठेवली तर विद्यार्थ्याला घरून वाचता येतं. नासाच्या पैशातून झालेलं संशोधन खुलं ठेवण्याचा नियमच आहे. ‘ॲस्ट्रोफिजिक्स डेटा सिस्टीम’ या नासाच्या सूचीत एखादा निबंध शोधला, की फुकट प्रत कुठं आहे ते शेजारी दिसतं. आणि काहीच नसेल तर लेखकाला पत्र लिहायचं. संशोधकाला त्याचा निबंध कुणी मागितला तर बहुधा आनंदच होतो. वैद्यकातल्या विद्यार्थ्यापेक्षा खगोलाच्या विद्यार्थ्याची स्थिती कितीतरी बरी आहे, कारण या लोकांना वाटून घ्यायची जुनी सवय आहे.

राहिली ताडून पाहायची गोष्ट. त्यासाठी लांब कशाला जायचं? हे काम आपल्या मराठी माणसानं करून दाखवलंय. जयंत नारळीकरांचे गुरू फ्रेड हॉइल. हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांचं म्हणणं असं, की जीवाचं बी धूमकेतूंबरोबर अंतराळातून पृथ्वीवर येतं, आजही येत असेल. बहुतेकांनी ते हसण्यावारी नेलं. नारळीकरांनी हसण्याऐवजी किंवा मान डोलावण्याऐवजी विचारलं, की हे तपासता कसं येईल? मग इस्रोच्या मदतीनं 2001 मध्ये आणि पुन्हा 20 एप्रिल 2005 ला हैदराबादच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रातून मोठा फुगा सोडला गेला. दुसऱ्या वेळी त्याला 459 किलोचं ओझं होतं आणि यंत्र थंड ठेवायला 38 किलो द्रवरूप निऑन. निर्जंतुक केलेल्या पोलादी नळकांड्या 20 ते 41 किलोमीटर उंचीवर एकेक करून उघडायच्या, आतल्या थंडीनं बाहेरची विरळ हवा खेचली जाऊन गोठते, झडप बंद. खाली आल्यावर नमुने हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्याची एनसीसीएस, या दोन्ही संशोधन संस्थांत तपासले. जिवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती वाढल्या. त्यातले तीन जिवाणू नव्या जातींचे ठरले, 2009 मध्ये त्यांची नावं जाहीर झाली : हॉइलवरून जॅनिबॅक्टर हॉइलेई, इस्रोवरून बॅसिलस इस्रोनेन्सिस, आणि आर्यभटावरून बॅसिलस आर्यभट्टाय. अतिनील किरण सोसण्यात ते आपल्या जवळच्या नातलगांपेक्षा चिवट निघाले. त्या मुलीनं अभ्यास इथून सुरू केला तर काय वाईट?

शंकेखोर : इथूनच करावा. पण पुढचं पानही वाचावं. इस्रोच्याच 2009 च्या निवेदनात लिहिलं होतं, की या जिवाणूंचा उगम पृथ्वीबाहेरचा आहे असं यातून ठामपणे सिद्ध होत नाही. किती वर्तमानपत्रांनी ते वाक्य मथळ्यात घेतलं? पुढे काय झालं ते आणखी गमतीचं आहे. आर्यभट्टाय म्हणून ओळखले जाणारे जिवाणू जगभरच्या मातीत सापडू लागले. ब्राझीलमध्ये मान्दाकारू नावाच्या निवडुंगाच्या मुळांजवळच्या मातीतून काढलेल्या वाणापासून मक्याला कोरडा ताण सोसायला मदत करणारं जैविक औषध तयार झालं, आज ते तिथं विकलं जातं. आणि 2019 मध्ये सगळा जनुकसंच ताडून पाहिल्यावर काही संशोधकांनी सांगितलं, की ही वेगळी जातच नाही. 1884 पासून ठाऊक असलेल्या बॅसिलस मेगाटेरियमचंच हे दुसरं नाव. म्हणजे आकाशातला पाहुणा समजून ज्याचं बारसं केलं तो मातीतला जुना रहिवासी निघाला. 41 किलोमीटरवर जीव सापडला, यात आश्चर्य आहेच. पण तो खालून वर गेला की वरून खाली येत होता, हा मूळ प्रश्न फुग्यानं सुटला नाही, आणि तसल्या फुग्यानं सुटणारही नव्हता.

हौशी : सर, एक विचारू? निवडुंगाची आणि 2019 ची ही हकिगत तुम्हाला कुणी सांगितली?

शंकेखोर : वाचली.

हौशी : कुठं? त्याच खुल्या पानांत. 2009 चा निबंध उघडायचा आणि त्याचा उल्लेख नंतर कुणी कुणी केला ते पाहत पुढे यायचं. ही सोय आज प्रत्येक सूचीत आहे. माझ्या दृष्टीनं त्या मुलीला द्यायचं खरं साहित्य हेच आहे. पुस्तकांची नावं कुणीही देईल. एक दावा घ्यायचा आणि त्याच्या मागेमागे दहा-पंधरा वर्षं चालायचं, कुणी दुजोरा दिला, कुणी खोडलं, कुणी नाव बदललं ते लिहून काढायचं. ज्याला तुम्ही फजिती म्हणता तो मला या विषयाचा सगळ्यात चांगला धडा वाटतो. नारळीकरांनी तपासता येईल असं काहीतरी केलं, म्हणून ते तपासलं गेलं. हॉइल आणि विक्रमसिंघे नुसती पुस्तकं लिहीत राहिले असते तर आपण आजही वाद घालत बसलो असतो.

शंकेखोर : आजही घालतोच आहोत. बरं, तू म्हणतोस तसं मागेमागे चालू. 1976 मध्ये व्हायकिंग मंगळावर उतरलं, मातीत पोषक द्रव टाकला, वायू निघाला. एका प्रयोगाचे प्रमुख शेवटपर्यंत म्हणत राहिले की तो जीवच होता. बाकीच्यांनी मानलं नाही. 1996 मध्ये अंटार्क्टिकात मिळालेल्या मंगळाच्या दगडात जिवाणूंचे अवशेष दिसल्याचं जाहीर झालं, अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन त्यावर बोलायला उभे राहिले. आज त्या खुणांना जीवाची गरज नाही असंच बहुतेक मानतात. 2010 मध्ये फॉस्फरसऐवजी आर्सेनिकवर जगणारा जिवाणू सापडल्याची पत्रकार परिषद झाली. तो निबंध ‘सायन्स’नं मागे घेतला, कधी? जुलै 2025 मध्ये. पंधरा वर्षं तो छापील होता. शुक्राच्या हवेत फॉस्फीन वायू सापडल्याचा दावा 2020 चा. आणि एप्रिल 2025 मध्ये 124 प्रकाशवर्षांवरच्या के2-18बी ग्रहाच्या हवेत डायमिथिल सल्फाइड असल्याची चिन्हं मिळाल्याचं केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटानं सांगितलं; पृथ्वीवर तो वायू मुख्यतः समुद्रातल्या सूक्ष्म जीवांपासून येतो. पुढच्या काही महिन्यांत इतरांनी तीच निरीक्षणं घेऊन म्हटलं, की हा संकेत आकडेमोडीच्या पद्धतीवर अवलंबून आहे. तू मुलीला शोधयंत्र देतोस. त्यात पहिल्या पानावर दावा येतो. खंडन येतं ते पाचव्या-सहाव्या पानावर, तेही कोरड्या भाषेत. आणि आता पोरं यंत्राशी गप्पा मारून माहिती घेतात. ते यंत्र कधी कधी जन्मालाच न आलेल्या निबंधाचं नाव, लेखक, साल सगळं ठोकून देतं. ‘साहित्य भरपूर आहे’ हे वाक्य मला म्हणूनच धोक्याचं वाटतं. धान भरपूर आणि पाखडायला सूप नाही, अशी गत आहे.

हौशी : सूप आता तयार होतंय. 2021 मध्ये नासाच्या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये सात पायऱ्यांची एक मोजपट्टी सुचवली. पहिली पायरी, खूण दिसली. दुसरी, यंत्राची किंवा आपल्याच घाणीची चूक नाही ना, हे पाहिलं. मग निर्जीव कारणं वगळायची, मग दुसरी स्वतंत्र खूण शोधायची, असं वर चढत जायचं. सातव्या पायरीवर पोचेपर्यंत ‘जीव सापडला’ म्हणायचं नाही. पर्सिव्हरन्स या मंगळावरच्या गाडीनं 2024 मध्ये जेझेरो विवरात ‘चेयावा फॉल्स’ नावाचा ठिपकेदार दगड पाहिला. त्यावरचा निबंध सप्टेंबर 2025 मध्ये आला, तोही ‘संभाव्य खूण’ एवढंच म्हणतो. 1996 च्या दगडाच्या वेळची भाषा आणि ही भाषा शेजारी ठेवून वाचली, की हा विषय काय शिकला ते कळतं. आपल्या जुन्नरजवळच्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचंच घ्या. एचएटी-पी-11बी या ग्रहाकडून रेडिओ लहरी येतात का, हे फ्रेंच आणि भारतीय संशोधकांनी तिथून पाहिलं. 2009 च्या निरीक्षणात क्षीण काहीतरी दिसलं, 2010 मध्ये नाही. 2013 च्या निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी ‘सुगावा’ असा नम्र शब्द घातला. त्या मुलीला मी हा निबंध आधी देईन. त्यात जीव नाही, पण ‘दिसलं’ आणि ‘दिसल्यासारखं वाटलं’ यांतलं अंतर कसं लिहावं ते आहे.

आणि खंडन पाचव्या पानावर असतं, हे माहीत झाल्यावर पाचव्या पानापर्यंत जाणं एवढं कठीण नाही.

शंकेखोर : तिला ते माहीत करून देणारं कुणीतरी लागतं, माझा मुद्दा तोच आहे. वाचन म्हणजे संशोधन नव्हे. ‘हे तुझं चुकलं’ असं समोर बसून म्हणणारा माणूस हे सगळ्यात दुर्मीळ साहित्य. ते कुठल्या संकेतस्थळावर उतरवून घेणार? पुण्यात आयुका आहे, बेंगळुरूला संस्था आहेत. नागभीडच्या स्टेशनावरून तिथं जाणारी वाट लांब आहे, तिकिटाच्या पैशानंही आणि धाडसानंही.

हौशी : दादाजी खोब्रागड्यांना कुठला मार्गदर्शक होता?

शंकेखोर : आलास शेवटी दादाजींवर.

हौशी : येणारच. आपल्याच नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव. जमीन दीडएक एकर, शिक्षण तिसरीपर्यंत. 1983 मध्ये पटेल-3 या वाणाच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, वेगळ्या पेरल्या, पुन्हा निवडल्या, पुन्हा पेरल्या. त्यातून जे वाण आलं त्याला घड्याळाच्या नावावरून एचएमटी म्हणू लागले, आणि ते राज्याच्या सीमा ओलांडून गेलं. 2018 च्या जूनमध्ये दादाजी गेले. त्यांच्याकडे प्रयोगशाळा नव्हती, नियतकालिक नव्हतं, इंग्रजी नव्हतं. नजर होती आणि चिकाटी होती. ज्या तालुक्यानं हे पाहिलंय त्यानं आपल्या मुलीला ‘तुला जमणार नाही’ म्हणावं?

शंकेखोर : मी जमणार नाही म्हटलंच नाही. पण दादाजींकडून घ्यायचं ते नीट घे. त्यांच्याकडे बांधी होती. शंका आली की ते पुढच्या रोवणीला पुन्हा लावून पाहू शकत होते. लोंबी पुन्हा तशीच आली तर खरं, नाही आली तर सोडून दिलं. न्याय करणारं कुणी लांबचं नव्हतं, पावसाळाच न्याय करायचा. नजर, चिकाटी हे शब्द भाषणात शोभतात. त्यांचं काम झालं ते फेरपेरणीनं. आता मला सांग, मंगळावरच्या ठिपक्याची फेरपेरणी ती मुलगी कुठं करणार? तो दगड पृथ्वीवर आणायचा कार्यक्रमच पैशाअभावी लटकलाय. के2-18बीकडे पुन्हा पाहायचं की नाही, हे ती ठरवणार नाही; दुर्बिणीचा वेळ वाटणारी समिती ठरवणार. ज्या विषयात स्वतः पुन्हा करून पाहता येत नाही त्या विषयात माणूस दुसऱ्यांच्या शब्दावर जगतो.

हौशी : सगळ्याच बाबतीत तसं नाही, सर. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो. जी घट आज दिसली ती ठरावीक दिवसांनी पुन्हा दिसायला हवी. दिसली तर ग्रह असण्याची शक्यता वाढते, नाही दिसली तर डाग असेल, जोडतारा असेल, यंत्राची खोड असेल. ही आकाशातली फेरपेरणीच झाली. टेस उपग्रहाचे उजेडाचे आलेख खुले आहेत. ‘प्लॅनेट हंटर्स’ या उपक्रमात जगभरचे हौशी लोक ते पाहतात, यंत्राच्या नजरेतून सुटलेले ग्रह त्यांनी शोधलेत, शोधनिबंधांत त्यांची नावं लागलीत. त्याला लागतो एक संगणक आणि धीर. समिती नको, तिकीट नको.

शंकेखोर : ग्रह मिळेल. जीव?

हौशी : जीव नाही मिळणार. पण जीवाची खूण दगडात कशी टिकते, हा प्रश्न घेतला तर तिला घरापासून फार लांब जायला नको. आपल्याच चंद्रपूर जिल्ह्यात, वरोरा तालुक्यात पिसदुरा आहे. तिथल्या लमेटा थरांत डायनोसॉरची विष्ठा दगड होऊन पडली आहे. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातले गवताचे सिलिकाकण पाहिले. वनस्पती कुजते, पण तिच्या पेशींत साठलेल्या सिलिकाचे साचे उरतात. 2005 मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांनी दाखवलं, की डायनोसॉरच्या काळात भारतात आजच्या गवतांच्या निदान पाच गटांतली गवतं होती. 2011 मध्ये त्याच गटानं तांदळाच्या कुळाची मुळंही त्या काळापर्यंत, साडेसहा कोटी वर्षांमागे नेली. धानाच्या मुलखातली मुलगी हे वाचेल तेव्हा तिला वेगळं सांगावं लागणार नाही, की अवयव नाहीसे झाल्यावरही जीव आपला पुरावा कसा सोडतो. मंगळावर शोधायचं ते हेच. सिरोंचाकडे गेलं तर पोचमपल्लीजवळ बारापासॉरस या डायनोसॉरची हाडं निघाली, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या लोकांनी ती खणली. आणि बुलढाण्याचं लोणार! बेसाल्टमध्ये आघातानं झालेलं, 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर. मंगळाचं कवचही मुख्यतः बेसाल्टचं. आघातानं स्फटिकाची काच होते, ती मास्केलिनाइट लोणारच्या दगडात सापडते आणि मंगळावरून आलेल्या अशनींतही सापडते. पाणी इतकं क्षारीय की साधे जीव टिकणार नाहीत, तरी त्यात सूक्ष्मजीवांची दाटी आहे. जून 2020 मध्ये तळं गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संस्थेनं खारप्रिय आर्किया हे कारण सांगितलं.

शंकेखोर : तूच आता विषय बदललास, तुझ्या लक्षात आलंय का? पिसदुरा हे जीवाश्मशास्त्र. लोणार हे भूशास्त्र आणि सूक्ष्मजीवशास्त्र. टेसचे आलेख हे खगोलशास्त्र. या तिन्हींवर पृथ्वीबाहेरच्या जीवाची पाटी लावली की निधी मिळतो, मथळा मिळतो, म्हणून ती लागते. लोणारचे जिवाणू अस्सल बुलढाण्याचे आहेत, मंगळाचा त्यांना पत्ता नाही. आणि उत्साहाच्या भरात कुणी बाटली घेऊन तिथं उतरेल तर लोणार अभयारण्य आहे, रामसर यादीत आहे. परवानगीशिवाय थेंब उचलता येत नाही. पिसदुऱ्यालाही लोकांनी खिशात भरून दगड न्यावेत असं मला वाटत नाही. माझं पहिलं वाक्य तूच सिद्ध केलंस : तिनं हाताशी आहे ते शिकावं.

हौशी : हाताशी आहे ते शिकावं, हे पटलं. पण ते का शिकावं, याचं कारण तुम्ही काढून घेताय. पिसदुऱ्याची विष्ठा तिथं किती काळ पडून होती? वरोऱ्याच्या शेजारची किती मुलं ती पाहायला गेली? नुसता ‘जीवाश्मशास्त्र घे’ म्हणाल तर ती बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरेल. ‘दुसरीकडे कुणी आहे का’ या प्रश्नापायी ती भूशास्त्र, रसायन, प्रकाशाचं पदार्थविज्ञान, सूक्ष्मजीव हे चारही दरवाजे ठोठावेल. नारळीकरांनी ‘प्रेषित’ कादंबरी लिहिली ती विज्ञान सोडून नव्हे. मराठी वाचकाला त्या प्रश्नाशी आणण्यासाठी लिहिली. त्यांची गोष्ट वाचून किती पोरं विज्ञानाकडे वळली याची नोंद कुठं नाही, पण आपल्या पिढीत तुम्हाला तशी माणसं भेटलीच असतील.

शंकेखोर : भेटली. त्यातली काही विज्ञानाकडे वळली, काही उडत्या तबकड्यांकडे. प्रश्न दोन्हींचा एकच होता. म्हणून मी प्रश्नावर विसंबत नाही. मराठीत गोष्टी आहेत, लेख आहेत, विश्वकोश आहे आणि तो संगणकावर फुकट वाचता येतो. नाही ते हे, की एखाद्या दाव्याची सगळी उलटसुलट हकिगत मराठीत एका जागी सापडावी. दाव्याचा अनुवाद दुसऱ्या दिवशी येतो, खंडनाचा येतच नाही. आर्यभट्टाय 2009 मध्ये सगळ्या मराठी वर्तमानपत्रांत होता. 2019 ची बातमी मराठीत वाचल्याचं तुला आठवतं?

हौशी : नाही आठवत. मग हेच तिचं काम का असू नये? पिसदुऱ्याला हात लावायचा नाही, लोणारला बाटली न्यायची नाही, दुर्बिणीचा वेळ मिळणार नाही. पण या तीन जिवाणूंची 2001 पासून आजपर्यंतची हकिगत, मूळ निबंध उघडून, मराठीत लिहायला कुणाची परवानगी लागते? त्यात इंग्रजी वाचन आलं, जनुकांची तुलना आली, वर्गीकरणाचे नियम आले, आणि तुमचं ‘हे चुकलं’ म्हणणंही आलं, कारण तपासायला तुम्ही आहात.

शंकेखोर : मला सूक्ष्मजीवशास्त्रातलं फार कळत नाही.

हौशी : शंका घ्यायला तेवढं पुरेल.

शंकेखोर : ठीक आहे. माझ्या अटी लिहून घे. ज्याचं मूळ पान स्वतः उघडलं नाही त्याचं नाव यादीत येणार नाही. यंत्रानं सुचवलेलं असो वा तू. प्रत्येक दाव्याखाली त्याच्यावरचा सगळ्यात कडक आक्षेप लिहायचा, आणि आक्षेप सापडला नाही तर तसं लिहायचं. दावा सात पायऱ्यांतल्या कितव्या पायरीवर आहे ते तिनं ठरवायचं, बातमीनं नव्हे. आणि वर्षअखेर तिला भूशास्त्रात किंवा सूक्ष्मजीवशास्त्रात जायचंसं वाटलं तर ‘विषय सोडला’ म्हणून तू तोंड वाकडं करायचं नाही.

हौशी : मान्य. पण तिनं सोडला नाही, तर तुम्हीही करायचं नाही.

शंकेखोर : तेव्हाचं तेव्हा पाहू. हा विषय आहे की नुसता प्रश्न, यावर माझं मत मी बदललेलं नाही.

(दोघांचा वाद इथं थांबला, मिटला नाही. माझा कल कुठं आहे ते वाचणाऱ्याला कळलंच असेल, पण शंकेखोरांच्या अटी मी माझ्याही टेबलावर लिहून ठेवल्या आहेत. एक गोष्ट मात्र दोघांच्या वादाबाहेरची आहे. नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोली, कुठल्याही अनुदानित महाविद्यालयाच्या ग्रंथपालांनी आपल्याकडची एन-लिस्टची नोंदणी चालू आहे का ते पाहावं, नसेल तर प्राचार्यांकडून करून घ्यावी, आणि विद्यार्थ्यांना त्यांचे प्रवेशशब्द मागायची वाट न पाहता द्यावेत.)